ठोंबरे आणि त्यांची बावीस अँथुरियम

पांडुरंग ठोंबरे यांच्या घरात शिरायचे असेल, तर आधी उंबऱ्याबाहेर अंथरलेल्या पांढऱ्या कागदावर उभे राहून बाह्या झटकाव्या लागतात. मग ठोंबरे गुडघे टेकून तो कागद भिंगाखाली तपासतात. कागदावर कीड-मुंगी काही हलले नाही, तर "परमिट दिलं, या" असे म्हणून आत घेतात. हलले, तर चहा जिन्यात मिळतो. सोळा वर्षे त्यांचा शेजारी असूनही मी तीन वेळा जिन्यात चहा प्यालो आहे. त्यांपैकी एकदा कागदावर हलले ते माझ्याच शर्टाचे सुटलेले सूत होते, हे मी तिथल्या तिथे भिंगातून सिद्ध करून दाखवले. ठोंबऱ्यांनी ते मान्य केले. चहा मात्र जिन्यातच दिला, कारण तोवर तो ओतून झाला होता.

हे सर्व लिहिण्याची वेळ माझ्यावर आमच्या सोसायटीचे सचिव कदम यांनी आणली. सोसायटीच्या यंदाच्या स्मरणिकेत त्यांनी 'आमचे निसर्गप्रेमी ठोंबरेभाऊ' असा दोन पानी मजकूर छापला आहे. निवृत्तीनंतर रिकामपण खायला उठले म्हणून ठोंबरे झाडांकडे वळले, झाडांत त्यांना मनःशांती लाभली, आणि कर्जतच्या फार्महाउसवाल्यांना फुले विकून ते चार पैसेही मिळवतात, असे कदमांचे प्रतिपादन आहे. मोहोपाड्याच्या शाळेत मी बत्तीस वर्षे विज्ञान शिकवले. इतक्या थोड्या जागेत इतक्या चुका माझ्या एकाही विद्यार्थ्याने केलेल्या नाहीत.

पहिली गोष्ट, ठोंबऱ्यांनी आजवर एकही फूल विकलेले नाही. फूल तोडायचा विषय काढला तरी ते दाराकडे बघू लागतात. दुसरी गोष्ट, मनःशांती. ज्या माणसाला वैशाखात घरातला पंखा लावता येत नाही, कारण वाऱ्याने हवेतला ओलावा उडतो; ज्याच्या चार खुर्च्यांपैकी तीन खुर्च्यांवर कुंड्या बसलेल्या असून पाहुण्याला चौथीवर आणि स्वतःला पाटावर बसावे लागते; आणि जो आंघोळीला बसताना नव्या झाडांची पाने पाठीला लागणार नाहीत अशा बेताने अंग चोरतो, त्याला शांती कोठून मिळणार? नवे झाड घरी आले की पंधरा दिवस न्हाणीघरात वेगळे ठेवायचे, हा त्यांचा नियम आहे. त्याला ते 'शटडाउनला घेणे' म्हणतात.

रसायनीच्या एका कारखान्यात ठोंबऱ्यांनी उभी हयात बॉयलरवर काढली. त्यामुळे त्यांची वनस्पतिशास्त्राची परिभाषा बॉयलरची आहे. पानाखाली कीड दिसली की ते 'लीकेज' म्हणतात. "सर, लीकेज बारीक असतानाच धराचं असतं," असे मला त्यांनी किमान शंभर वेळा ऐकवले आहे. झाडांच्याही पाळ्या आहेत. पूर्वेच्या खिडकीतला, पडद्यातून गाळून येणारा उजेड सकाळी आठ कुंड्यांना मिळतो. दुपारी त्या उतरतात आणि दुसऱ्या आठ चढतात. उरलेल्या सहा जनरल शिफ्टला, म्हणजे दिवसभर एकाच जागी.

ज्यांनी अँथुरियम पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हृदयाच्या आकाराचे, रोगण दिल्यासारखे लालभडक पान आणि त्यातून वर आलेली पिवळी शेंडी, असे त्याचे फूल दिसते. ते प्लास्टिकचे आहे की खरे, हे पाहण्यासाठी प्रत्येक जण त्याला नख लावतो. कदमांनीही लावले होते. त्यानंतर कदम आत गेलेले नाहीत, आणि त्यांचा सर्व मजकूर जिन्यातून लिहिलेला आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

आता खरी हकीकत. पहिले अँथुरियम ठोंबऱ्यांनी आणलेच नव्हते. ते त्यांच्या पत्नीने, सुमनताईंनी, लोधिवलीच्या रस्त्यावरच्या रोपवाटिकेतून आणले. तेव्हा ठोंबरे कामावर होते आणि "हे प्लाश्टिक कशाला आणलंस गं?" याव्यतिरिक्त त्यांनी त्या झाडाशी संबंध ठेवला नव्हता. पुढे नागपूरला त्यांच्या मुलीला जुळे झाले. मुलगी रुग्णालयात परिचारिका, तिच्या ड्यूट्यांना धरबंध नाही. सुमनताई सहा महिन्यांसाठी म्हणून गेल्या. जाताना दारात एवढेच म्हणाल्या, "बाकी काय करू नका. एवढं येक जगवा."

त्याला पाच वर्षे झाली. जुळी शाळेत जाऊ लागली, पण त्यांना आणणारे-नेणारे दुसरे कोणी नाही. ठोंबरेही एकदा राहायला गेले होते, ते आठव्या दिवशी परतले. मुलीचे घर दोन खोल्यांचे आहे, हे मला ठाऊक होते. मी काही विचारण्याआधीच ते म्हणाले, "तिकडची हवा कोरडी हाय, सर. मानसाची पानं वळतात."

सुमनताईंचे ते झाड त्यांनी जगवले. नारळाची सोडणे, कोळसा आणि विटांचे तुकडे यांत ते लावलेले आहे. त्याच्या भोवती बाकीची एकवीस जमली. एकाची बावीस का झाली, याचे उत्तर मला कालपरवापर्यंत माहीत नव्हते. ते पुढे सांगतो.

या श्रावणात सुमनताईंच्याच झाडाला पिठ्या ढेकूण लागला. पानाच्या बेचक्यात कापसाचा कण अडकावा, तसा हा किडा दिसतो. बसल्या जागी रस पितो आणि मेणाचे पांघरूण घेऊन राहतो, म्हणून पाण्याने हलत नाही. ही कीड शेजारच्या सरांच्या जास्वंदीवरून आली, असे कदमांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिले. मी त्याच दिवशी लेखी आक्षेप घेतला. माझी जास्वंद निरोगी असून दोन गॅलऱ्यांमध्ये चार फुटांचे अंतर आहे, हे मुद्दे मी मांडले. मुंग्या हे किडे उचलून नेतात आणि मुंगीला चार फूट म्हणजे काहीच नाही, हा मुद्दा मी मांडला नाही. तो कदमांना ठाऊक नव्हता. दुसऱ्या दिवशी मी जास्वंदीची पाने उलटून पाहिली आणि ती कुंडीसकट काढून टाकली. ठोंबऱ्यांना सांगितले की फांद्या वाळल्या होत्या.

"चांगली फुलत व्हती की," ठोंबरे म्हणाले.

"वाळली," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिले आणि भिंग पुसायला घेतले.

उपाय मी सांगितला होता आणि तो बिनचूक होता. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक किडा टिपायचा, साबणाच्या पाण्याने पाने पुसायची आणि आठवड्याने पुन्हा तेच करायचे. ठोंबऱ्यांनी तीन दिवस टिपले. गुरुवारी पुन्हा दोन पांढरे ठिपके दिसले. रविवार तोंडावर आला होता. दर रविवारी सकाळी अकराला सुमनताईंचा व्हिडिओ कॉल येतो आणि कॉलवर त्या सर्वांत आधी झाडे बघतात, हे मला माहीत होते. आपल्या झाडावर कीड आहे हे त्यांना दिसता कामा नये, एवढेच ठोंबऱ्यांनी धरून ठेवले होते.

ते कुंभिवलीला भावाकडे गेले आणि भातावर मारायचे औषध घेऊन आले. किती घ्यायचे, असे विचारल्यावर भावाने सांगितले होते, "पंपाला येक झाकण." ते बरोबरच होते. आमच्याकडच्या शेतकऱ्याचे माप झाकणाचेच असते. मात्र भावाचा पंप पाठीवर घ्यायचा, पंधरा लिटरचा. ठोंबऱ्यांनी एक झाकण घातले ते इस्त्री करताना कपड्यांवर पाणी मारायच्या बाटलीत. जन्मभर वाफेचा दाब काट्यावर मोजलेल्या माणसाच्या हातून हे झाले. कदम म्हणतात तसे त्यांनी कारखान्यातले ॲसिड वगैरे काही ओतलेले नाही, हे मी येथे स्पष्टपणे नोंदवतो.

शनिवारी पाने कडांनी करपली. फुलाचे लाल पान काळे पडून गळले. ठोंबरे माझ्या दारात आले आणि कागद नसतानाही बाह्या झटकून उभे राहिले.

"सर, जरा येता का?"

आम्ही दोघांनी झाड कुंडीतून सोडवले, वाहत्या पाण्याखाली मुळे धुतली, जळलेले सगळे कापले. एक अर्धे पान तेवढे उरले. ते खोड आम्ही बादलीत उभे केले. त्याची खिडकीखालची जागा रिकामी दिसू लागली, तेव्हा ठोंबऱ्यांनी तिथे दुसरी कुंडी सरकवली, मागे सरून पाहिले आणि पुन्हा काढली.

"सांगून टाका," मी म्हणालो. "झाडच आहे."

"झाडाचं नाय, सर." ते पाटावर बसले. "पयलं एकच व्हतं, तवा फोन दोन मिन्टांत सपायचा. जेवलात का, जेवलो. पोरं बरी हायत का, बरी हायत. मंग दोघं बी गप. ती म्हनायची, झाड दावा. दावलं की ठेवते म्हनायची. मी म्हटलं दुसरं आनावं. दुसरं दावाला आजून येक मिनिट. आसं करत करत आता अर्ध्या तासावर आलंय."

स्मरणिकेतल्या मजकुरावर आणखी आक्षेप घ्यायचे माझ्या मनात होते, ते त्या क्षणी सुचेनात.

"पन तिचं ते झाड गेलं, मंग हाय काय दावायला?" ठोंबरे म्हणाले. "बाकीची माजी हायत. ती तिनं कवा हात लावलेली पन नायत."

रविवारी अकराला मला त्यांनी फोन धरायला बोलावले. ते प्रत्येक कुंडी दोन्ही हातांनी उचलून समोर आणत, सावकाश फिरवत आणि जागेवर ठेवत. सुमनताई पलीकडून बोलत होत्या. हिला नवीन पान आलं गं बाई. हिची शेंडी जरा वाकडीच हाय. मागे कोणीतरी पोर रडत होते. एकवीस झाली, आणि ठोंबरे हात पुसत उभे राहिले.

"अवो, खिडकीखालचं कुठाय?"

ठोंबरे माझ्याकडे पाहू लागले. मी छताकडे पाहिले.

"झाकनाचा घोळ झाला," ते म्हणाले, आणि सगळे सांगितले. कुंभिवली, पंप, बाटली, काहीही वगळले नाही. माझ्या जास्वंदीचे नाव मात्र त्यांनी घेतले नाही. त्यांना सगळे माहीत होते, हे मला त्या न घेतलेल्या नावावरून कळले.

फोन कट झाला की काय, म्हणून मी पडदा पाहिला. सुमनताई तिथेच होत्या.

"बादली आना बघू," त्या म्हणाल्या. "मुळं दावा. सर, जरा जवळ धरा. पांढरी हायत का?"

"दोन पांढरी आहेत," मी सांगितले. "बाकी तपकिरी."

"दोन बास हायत. अवो, पानी दर सकाळी बदला. कुंडीत घालाची घाई करू नका. आन् मला दावत ऱ्हावा."

"रविवारी दावतो," ठोंबरे म्हणाले.

"रविवारपर्यंत काय थांबताय? मूळ सडलं तर कळाचं कवा? उद्या दावा. रोज दावा. पोरांना सोडून आले की मी फोन करते."

त्यांनी फोन ठेवला. ठोंबरे बादली हातात धरून तसेच उभे होते. पाणी त्यांच्या पायावर सांडत होते आणि ते त्यांच्या लक्षात आलेले नव्हते.

"सर, किती वाजता म्हनाली ती?"

"वेळ सांगितली नाही."

"मंग सकाळधरनंच बसाया लागंल," ते म्हणाले, आणि चौथ्या खुर्चीवर, पाहुण्यांच्या, बसून राहिले.