वाढत्या अंगाची स्की

श्यामदादा डेहनकर माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत. ते हनुवटीकडे बघतात.

आम्ही आयर्लंडमधल्या नावनला राहायला आलो त्याच आठवड्यातली गोष्ट. मी कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ढकलत होतो. चुकीचा डबा, चुकीच्या दिवशी, हे ओघाने आलंच. शेजारच्या दारातून एक शिडशिडीत गृहस्थ बाहेर आले, एका पायात चप्पल, दुसऱ्यात बूट. त्यांनी माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. मग तळहात आडवा धरून माझ्या हनुवटीखाली आणला, तिथून नाकाशी, तिथून टाळूवर.

"नाकापर्यंत एकशे छप्पन," ते म्हणाले. "पण पावडरला एकशे बहात्तर. वजन काय आहे?"

मला वाटलं, हा माणूस शवपेट्या करत असावा. घाबरून मी खरं वजन सांगून टाकलं, जे मी मानसीला, म्हणजे माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. नाव त्यांनी त्यानंतर विचारलं.

ते आकडे स्कीच्या लांबीचे होते. बर्फावरून घसरायला पायांना बांधतात त्या दोन पट्ट्या. त्यातही श्यामदादांचा जीव अडकलाय तो पावडर स्कीमध्ये, म्हणजे नुकत्या पडलेल्या, भुसभुशीत, कमरेएवढ्या बर्फावर चालणाऱ्या रुंद स्कीमध्ये. आता आयर्लंडात बर्फ पडतच नाही असं नाही. पडतो, पण संकोची पाहुण्यासारखा. चहा ठेवेपर्यंत निघून जातो. त्यात आमचा मीथ परगणा म्हणजे पोळपाट. आणि श्यामदादा मूळचे नागपूरचे, जिथे मे महिन्यात डांबर चपलेबरोबर घरी येतं. स्कीवर ते जन्मात उभे राहिलेले नव्हते. हे मी त्यांना एकदा सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "बे, पत्रिका जुळवणारा स्वतः किती लग्नं करते?"

श्यामदादा घरूनच एका कंपनीचं सॉफ्टवेअर तपासतात. दुसऱ्यांनी केलेल्या गोष्टींत चुका काढायचा पगार मिळतो, त्यामुळे स्वतः काही करायची त्यांना भीती वाटते, असं मानसीचं मत. हा माणूस एका जागी बसलेला मी पाहिलेला नाही. चहा फिरत पितात. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेऱ्यावर फक्त त्यांची पाठ डावीकडून उजवीकडे जाताना दिसते. फोन घरभर चालून करतात, दाढीसुद्धा दोन खोल्यांत मिळून होते. आणि तोंडी एकच वाक्य: "ठरलं. फक्त एकच बघायचं राहिलं."

कोणती स्की, ते ठरलेलं असे. फक्त रुंदी बघायची राहिलेली असे. रुंदी ठरली की टोकाचा बाक. बाक ठरेपर्यंत नवीन मॉडेल बाजारात येई आणि श्यामदादा पुन्हा पहिल्या खोलीपासून फिरायला लागत.

पावडर स्की रुंद का, हे त्यांनी मला स्वयंपाकघरात शिकवलं. कपाटातून, इथल्या भाषेत प्रेसमधून, परात काढली आणि तांदळाच्या पिठाने काठोकाठ भरली. मग सुरी आडवी ठेवून वरून बोटाने दाबली. सुरी बुडाली. "ही साधी स्की." मग उलथनं ठेवलं आणि तेवढंच दाबलं. उलथनं वरच राहिलं. "ही पावडर स्की. तरंगली पाहिजे न! आणि टोक असं वर उचललेलं पाहिजे, नावेसारखं, नाही तर पिठात नाक खुपसते." हे सांगताना त्यांनी परातीला इतक्या जोरात टिचकी मारली की मी पांढरा होऊन घरी गेलो. मानसीने कुठे गेला होतास विचारलं नाही. पीठ वाया घालवलं म्हणून बोलली.

त्याच स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. कुरिअरवाला, बॉयलर दुरुस्त करणारा, पलीकडच्या आजीबाई, मी. प्रत्येकाला एक हनुवटीची रेघ आणि एक टाळूची.

इथवर मी नुसता प्रेक्षक होतो. पण कोजागिरीला आमच्याकडे मंडळी जमली होती, दूध आटत होतं, चंद्र ढगांत होता, आणि कुणीतरी बर्फाचा विषय काढला. मी म्हणालो, "गुलमर्गला मी बरंच स्कीइंग केलंय." का म्हणालो, मला माहीत नाही. माझ्या जिभेचं असंच आहे. ती पुढे जाते आणि मी मागून सामान घेऊन येतो. गुलमर्गला मी गेलो होतो हे खरं. एका लाकडी घसरगाडीवर बसलो होतो आणि एक काश्मिरी गृहस्थ मला दोरीने ओढत होते.

श्यामदादा खोलीच्या त्या टोकाला फिरत होते, ते थबकले. दुसऱ्या दिवसापासून मी तज्ज्ञ झालो.

आता प्रश्न घेऊन ते थेट आमच्याकडे येऊ लागले. प्रश्न एकच. "समज, माणूस नवखा आहे. नवख्याला आखूड स्की पाहिजे, हनुवटीएवढी, वळवायला सोपी. पण समज, जायचं पावडरमध्ये आहे. पावडरला लांब पाहिजे, डोक्याच्याही वर. मग नवख्या माणसानं पावडरमध्ये जायचं तर काय घ्यायचं?" हा नवखा माणूस म्हणजे ते स्वतःच, असं मी धरून चाललो होतो.

एरवी या प्रश्नाने त्यांची आणखी दोन वर्षं सहज गेली असती. पण या वेळी ते घाईत होते. घर फिरून संपलं की आमच्या अंगणात फिरत. शेवटी त्यांनी मला सरळ विचारलं, तू असतास तर काय घेतलं असतंस.

मी एका क्षणात उत्तर दिलं. माझ्याकडे त्या विषयाचं एकच ज्ञान होतं, आणि ते आईकडून आलेलं. पाचवीत शिवलेली माझी चड्डी मला आठवीत बसली. बूट घेताना पुढे कापूस भरायचा. माझं सगळं बालपण मी पुढल्या वर्षीच्या कपड्यांत काढलं. मी म्हणालो, "दादा, वाढत्या अंगाची घ्या."

ते माझ्याकडे बघत राहिले, हनुवटीकडे नाही, चक्क डोळ्यांत. मग म्हणाले, "ठरलं." आणि पुढचं वाक्य म्हणालेच नाहीत. मला तेव्हाच काळजी वाटायला हवी होती.

स्की आली. वाइनच्या रंगाची, त्यावर पांढरी फुलं, आणि श्यामदादांच्या डोक्याच्या बरीच वर. मी म्हटलं रंग छान आहे. ते म्हणाले, आता शनिवारच्या आत एक चाचणी. डब्लिनच्या दक्षिणेला टेकडीवर ब्रशसारख्या प्लास्टिकचा उतार आहे, तिथे बर्फाशिवाय स्कीइंग शिकवतात. मी तेवढ्याच लांबीची भाड्याची स्की घालून खाली यायचं आणि ते बघणार. मीच का? तर माझी उंची बरोबर आहे. गुलमर्गचा माणूस नाही कसा म्हणणार?

वर नेऊन उभं केलं तेव्हा खाली श्यामदादा मुठीएवढे दिसत होते आणि कुंपणाला धरून येरझारा घालत होते. शिकवणारा तांबड्या दाढीचा पोरगा मला म्हणाला, गुडघे वाकव. मी गुडघे वाकवले. पुढचं मला सलग आठवत नाही. एक पाय डब्लिनकडे निघाला आणि दुसरा विकलोकडे. मधला मी दोघांची समजूत घालत बराच वेळ पाठीवर प्रवास करत राहिलो आणि खालच्या जाळीत, कोळ्याने बाजूला टाकलेल्या माशासारखा, जाऊन अडकलो. पोरगा धावत आला, मला उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, "आह, यू'र ग्रँड." या देशात हाडं मोडलेली नसली की माणूस ग्रँड असतो.

परतताना श्यामदादा गाडी चालवत होते. टोलनाक्यावर त्यांनी नाणी टाकली. मग समोर बघतच म्हणाले, "अभय, गुलमर्गला तू नेमकं काय केलं होतं?"

"बसलो होतो," मी म्हणालो. "एक माणूस ओढत होता."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "शनिवारी पोरगी येऊन राहिली न, रेवा."

त्यांच्या मिसेस दुसऱ्या गावी, पोर्टलीशला असतात, एवढंच मला माहीत होतं. नोकरीमुळे असतील असं मी समजत होतो. नोकरीमुळे नव्हतं. रेवा आठ वर्षांची असताना इथे एकदा गुडघाभर बर्फ पडला होता. बापलेक त्या पिठाच्या परातीतच बसून घरामागच्या छोट्या उतारावरून दिवसभर घसरले. ती म्हणाली, बाबा, पुढच्या वेळी खऱ्या स्कीवर, तू आणि मी. यांनी हो म्हटलं. पुढचा बर्फ पडायच्या आत घराचे दोन भाग झाले, आणि मुलगी आईबरोबर गेली.

"दरवर्षी ठरवत होतो," ते म्हणाले. "ठरेपर्यंत पोरगी वाढून जाय. मग वाढायची थांबली, तर कॉलेज सुरू झालं, येणं कमी झालं. आता नोकरीला कॅनडात चालली, डोंगरातच. उंची कशी विचारू तिला? बापाला माहीत नाही म्हणू? व्हिडिओवर दिसते न रोज. पण बसलेली दिसते. बसलेल्या माणसाची उंची समजत नाही बे."

तेव्हा मला सगळं समजलं. कुरिअरवाला, बॉयलरवाला, मी: आम्ही सगळे तिच्या उंचीचे अंदाज होतो. आणि नवखा माणूस कोण, तेही समजलं. त्या नवख्या मुलीसाठी मी, घसरगाडीवर बसलेल्या माणसाने, डोक्याच्या वर जाणारी स्की घ्यायला लावली होती. बदलून घ्यायला वेळ नव्हता. घरी आल्यावर मानसी म्हणाली, आता शनिवारी जेवायला बोलावलंय तर तोंड दाखवायला चल, आणि तोंड बंद ठेव.

शनिवारी श्यामदादांनी गोळाभात केला होता. रेवा आली, दारात वाकून बूट काढले, नमस्कार केला. मी नकळत तिच्या हनुवटीकडे बघितलं. माझ्यापेक्षा दोन बोटं कमीच. ती बापाशी इंग्रजीत बोलत होती, इथल्या पोरांच्या हेलात, आणि ते तिच्याशी मराठीत. दोघांचं उत्तम चाललं होतं. फक्त ती सोफ्यावर बसून बोलत होती आणि ते सोफ्याभोवती.

जेवणापर्यंत थांबवेना, म्हणून त्यांनी जिन्याखालून चादरीत गुंडाळलेली स्की आणली आणि तिच्यापुढे आडवी ठेवली. "कॅनडासाठी," म्हणाले, आणि लगेच खिडकीकडे गेले.

तिने चादर सोडली. एक स्की उभी करून अंगाशी लावली, तळहात आडवा धरून डोक्यावरून टोकाकडे नेला. ती तिच्या डोक्याच्या चार बोटं वर जात होती. मग स्की उलटी केली, नखाने कडेची धार पाहिली, टोक धरून मधे तळहाताने दाबून लवचीकपणा पाहिला. आई जशी भाजी घेताना भेंडीचं टोक मोडून बघते, तसं, सवयीने.

श्यामदादा खिडकीपासून वळले होते. गेली अनेक वर्षं हे सगळं त्यांनी वाचलेलं होतं. ते करणारा हात त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

"तू गेलेली आहेस," ते म्हणाले.

ती स्कीकडेच बघत होती. कॉलेजच्या ग्रुपबरोबर, असं काहीतरी म्हणाली. पहिल्या वर्षापासून.

"सांगितलं नाहीस."

"यू वेअर स्टिल डिसायडिंग, बाबा."

मानसीने माझ्या पायावर पाय ठेवला. मी बोलणार नव्हतोच.

श्यामदादांनी टेबलावरचं मीठ उचललं, दुसरीकडे ठेवलं, परत पहिल्या जागी ठेवलं. मग विचारलं, "आणि लांबी?"

लांबी अगदी बरोबर आहे, ती म्हणाली. पावडरला एवढीच लागते. नवखी असते तर जड गेली असती.

माझी वाढत्या अंगाची स्की बसली होती. बसली कारण अंग वाढून झालं होतं, ते कुणी बघत नसताना. एवढी बरोबर ठरलेली माझी दुसरी सूचना नाही, आणि जिचा मला एवढा त्रास झाला अशीही दुसरी नाही.

श्यामदादा फिरायला लागले होते. स्वयंपाकघर, जिना, पुन्हा स्वयंपाकघर. भात गार होईल, तूप कुठे ठेवलं, कुणी लिंबू घेतं का. रेवा उठली. स्वयंपाकघराच्या दारात तिने त्यांना खांद्याला धरून थांबवलं आणि पाठ चौकटीला लावून उभं केलं, जिथे माझ्या, कुरिअरवाल्याच्या आणि आजीबाईंच्या रेघा होत्या. तिथे सगळे होते, फक्त श्यामदादा नव्हते. टाचा मागे, तिने सांगितलं. मान सरळ. मग ओट्यावरचं उलथनं घेऊन त्यांच्या डोक्यावर आडवं ठेवलं, आणि पेन्सिल मागायला आमच्याकडे हात पुढे केला.

"ठरलं," ती म्हणाली. घरात आल्यापासून तिचं पहिलं मराठी. "फक्त एकच बघायचं राहिलं. जानेवारीत तिकडे येशील तेव्हा तुला कुठली लागेल?"

मी पेन्सिल शोधत होतो. वरच्या खिशात नव्हती, मागच्याही नव्हती. मी अजिबात घाई केली नाही. श्यामदादा डेहनकर डोक्यावर उलथनं घेऊन, डोळे मिटून, एका जागी उभे होते.