जल्लूलची चाळीस मडकी

जल्लूल त्या दिवशी एवढ्या मोठ्याने बोलला की बंदरावरच्या कॅफेतल्या झोपलेल्या मांजरांनीही माना वर केल्या!

"मोसम सुरू होईपर्यंत ऑक्टोपसला कुणी बोट लावायचं नाही! ज्याच्या मडक्यात सापडेल त्याची समुद्रातली मासेमारीची जागा वर्षभरासाठी गेली! आणि त्याचं नाव मी स्वतः, या खुर्चीवर उभा राहून वाचणार! मग तो माझा सख्खा भाऊ का असेना!"

टाळ्यांचा कडकडाट! केरकेन्ना बेटावर सरकारने पहिल्यांदाच मासेमारीचे नियम कोळ्यांच्या समितीवर सोपवले होते, आणि सात जणांच्या त्या समितीचा जल्लूल अध्यक्ष होता. कुणीतरी त्याला फुकट कॉफी पाजली. त्या भरात तो आणखी बोलून गेला, "बुधवारची पाहणी माझ्याच दारापासून सुरू करा!"

घरी बायको मन्नुबिया जाळं शिवत बसली होती. ती म्हणाली, "अहो अध्यक्ष, नव्या मडक्यांत वाळू भरून ठेवा. वारा फिरणार आहे."

"समितीत तू आहेस की मी?"

"तुम्हीच. म्हणून तर सांगतेय."

ऑक्टोपस पकडायचा तो समुद्रात मडकी सोडून; बीळ समजून तो आत शिरून बसतो. पण हा प्राणी भलताच चोखंदळ. मडक्याला भट्टीचा वास येत असेल तर तो आत पाय टाकत नाही, आणि त्याला पाय आठ! म्हणून मोसमाआधी सगळे आपली नवी मडकी घरामागच्या उथळ पाण्यात, तोंडं वाळूत रुतवून भिजत घालतात. त्याला नियमाची आडकाठी नाही. तोंडं मात्र खाली हवीत, म्हणजे आत कुणी शिरत नाही.

बुधवारी सकाळी जल्लूल मिशीला पीळ देत घरामागे गेला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. वाऱ्याने चाळीसच्या चाळीस मडकी आडवी केली होती! त्याने पहिल्यात डोकावून पाहिलं. आतून एक पिवळट डोळा त्याच्याकडे बघत होता.

पाच मडक्यांत पाच ऑक्टोपस! जल्लूल मटकन पाण्यातच बसला. वाळूच्या उंचवट्याजवळची जागा त्याच्या आजोबांपासून चालत आलेली. तिच्यावर घर चालायचं, तिच्याच भरवशावर हिवाळ्यात लेकीचं लग्न ठरलेलं. आणि ते नाव! खुर्चीवर उभं राहून स्वतःचंच नाव वाचायचं!

"मन्नुबिया! मेलो!"

"ब्लीच ओता, लगेच बाहेर येतील."

"ब्लीचवर बंदी आहे! नियम क्रमांक दोन!"

"कुठल्या शहाण्याने केला?"

शहाणा समोरच पाण्यात बसला होता. मन्नुबिया मिठाचा डबा घेऊन आली. मीठ पडताच ऑक्टोपस चडफडत बाहेर आले, आणि पाण्यात सोडताच सरळ शेजारच्या मडक्यांत जाऊन बसले! नवीकोरी घरं कोण सोडतो? शेवटी चौघांना कुसकुस शिजवायच्या पातेल्यात कोंबून झाकणावर दगड ठेवला. पाचवा जल्लूलच्या उजव्या दंडाला असा चिकटला की सुटेना. तेवढ्यात दारात आवाज आला, "अध्यक्ष आहेत का?"

त्याने धावत घरात शिरून खुंटीवरचा हिवाळ्यातला जाड कोट अंगात चढवला.

दारात पलीकडच्या स्फाक्स शहराहून पहिल्या बोटीने पाहणीला आलेल्या सरकारी इन्स्पेक्टर वीदादबाई उभ्या होत्या. मागे समितीचे सहा जण. घाम फुटण्याइतकं ऊन होतं, तरी सहाच्या सहा जाड कोटांत! पण जल्लूलला ते दिसलंच नाही. त्याचं सगळं लक्ष स्वतःच्या बाहीकडे होतं.

समितीतले सगळ्यात वडीलधारे खमैसकाका डावा हात पुढे करत म्हणाले, "सलाम, पोरा."

जल्लूलनेही डावा पुढे केला. डाव्या हाताचा सलाम म्हणजे अपमान; एरवी यावरून भांडण झालं असतं. आज काकांनी तो घाईघाईने दाबला.

"तुमचा हात सुजलाय का हो?" बाईंनी विचारलं.

"थोडासा..." एवढ्यात आतल्या पाहुण्याने शाई सोडली. बाहीतून काळे ओघळ बोटांवर आले.

"या अल्ला! हात काळा पडला!" काका किंचाळले.

"विष भिनलंय," दुसरा म्हणाला. "माझ्या मेहुण्याचं असंच झालं होतं. कोपरापासून कापला."

"स्फाक्सच्या दवाखान्याकडे जाणारी बोट सुटायला तासभर आहे. तोवर विष खांद्यापर्यंत चढेल!"

"मग इथेच? सुरा आहे ना घरात?"

एकीकडे जागा, दुसरीकडे हात! कुणीतरी खरंच स्वयंपाकघराकडे वळला, आणि जल्लूलचा धीर सुटला.

"नका कापू! हात चांगला आहे! ऑक्टोपस आहे आत! मीच तो चोर!" त्याने कोट भिरकावला. दंडावर ऑक्टोपस आरामात बसलेला.

मग खमैसकाकांनी घसा खाकरला. "फार वाईट वाटतं, जल्लूल. पण नियम म्हणजे नियम. तुझी जागा..."

असं म्हणत त्यांनी बोट रोखलं, आणि त्यांच्याच बाहीतून एक ओला पाय सळसळत बाहेर आला. त्याने वीदादबाईंचं पेन अलगद काढून घेतलं.

बाईंनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं. "गरम होत नाही का तुम्हाला? काढा कोट."

"थंडी आहे, मॅडम!" सहाही जण एका सुरात म्हणाले. बाई हटल्या नाहीत. कोट निघाले. सहा कोट, नऊ ऑक्टोपस!

"अख्खी समितीच गेली की," बाई म्हणाल्या. "आता निर्णय कुणी द्यायचा? एकाची तरी मडकी न कलंडता राहिली आहेत का गावात?"

"किनाऱ्याला मडकी लावणाऱ्या बायकांची आहेत," मन्नुबिया मिठाचा डबा खाली ठेवत म्हणाली. "त्यांनी वाळू भरली. मी सांगितलं होतं."

बाईंनी काकांच्या बाहीतून पेन ओढून घेतलं आणि "मग निर्णय तुम्हीच द्या" म्हणत तिच्यापुढे धरलं. मन्नुबियाने कागदावर लिहिलं: चौदाही ऑक्टोपस आत्ताच्या आत्ता उंचवट्यापलीकडे सोडायचे. चूक वाऱ्याची, म्हणून जागा कुणाची जाणार नाही. लपवाछपवी मात्र आपली, म्हणून नावं वाचायची.

जल्लूलचा जीव भांड्यात पडला. पण शुक्रवारपर्यंतच! शुक्रवारी तो कॅफेतल्या त्याच खुर्चीवर चढला. मांजरं आधीपासूनच जागी होती. त्याने कागद उघडला आणि सात नावांतलं पहिलं, स्वतःचंच नाव कसंबसं पुटपुटला.

"मोठ्याने!" दारातून आवाज आला.

त्या कॅफेत आजवर कुणी बाईमाणूस आलं नव्हतं. जल्लूलने मान वर करून पाहिलंच नाही. आवाज घरचाच होता.