डबी वाजली नाही

डबी पहिल्यांदा वाजली ती सून भाजी वाढत असताना. मास्तरांच्या कमरेतून टीं टीं टीं असा कर्कश आवाज आला आणि सुनेच्या हातातला डाव हवेतच राहिला.

"काय बोललीस गं त्यांना?" सासूबाईंनी विचारलं.

"मी कुठे काय बोलले? भाजी वाढू का, एवढंच विचारलं."

"पण विचारलंस कसं?"

"तोंडाने!"

"आई, तू थांब जरा," मुलगा मध्ये पडला. "बाबा, श्वास घ्या."

मास्तर श्वास घेतच होते. जन्मल्यापासून घेत आले होते. पण दोन महिन्यांपूर्वी ते दुकानात कापायच्या टेबलावर हातातल्या खडूसकट कोसळले, छाती उघडून पुन्हा शिवली गेली, आणि तेव्हापासून घरातलं प्रत्येक माणूस त्यांना श्वास घ्यायची आठवण करून देत होतं.

मास्तर कुठल्या शाळेतले नव्हते. ते शिंपी होते. पण बाजारपेठेत त्यांना सगळे मास्तरच म्हणत आणि त्यांचा दराराही तसाच होता. शिवण चुकली की शिकाऊ कारागिराच्या बोटांवर लाकडी पट्टी बसायची. आता त्या मास्तरांना एक दिवसाआड हृदय पुनर्वसन केंद्रात जावं लागे. पुनर्वसन म्हटलं की त्यांना धरणात घरदार गेलेली माणसं आठवत. आपलं काय बुडालंय, असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

केंद्र औषधांच्या दुकानाच्या वर होतं. एका लांबलचक खोलीत चालायची यंत्रं ओळीने मांडलेली, समोर भिंतभर आरसा, आणि त्यात बघत पिकल्या केसांची माणसं तासभर चालून जिथल्या तिथे राहत. तिथली मॅडम मुलीच्या वयाची होती. ती सगळ्यांना काका म्हणायची आणि कोणाचंच ऐकायची नाही.

"मॅडम, तुमच्या कोटाची बाही फिरलीय," मास्तर चालता चालता म्हणत.

"काका, समोर बघा. नाडी वाढतेय."

त्याच मॅडमने एके शनिवारी मास्तरांच्या छातीला पट्टा बांधला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या छात्या मापणाऱ्या माणसाला हात वर करून उभं राहावं लागलं. पट्ट्याची जोडीदार डबी कमरेला अडकवून ती म्हणाली, "नाडी ठरलेल्या आकड्यावर गेली की ही वाजेल, आणि कधी वाजली ते आत राहील. आठवडाभर एकदाही वाजली नाही, की कामावर जायची चिठ्ठी देते."

"आणि वाजली तर?"

"तर पुन्हा नवा आठवडा."

मग ती मुलाकडे वळली. "यांच्यापासून काही लपवू नका. लपवलं की पेशंट जास्त धास्तावतो. घरातलं, धंद्यातलं, एकेक करून हळू आवाजात सांगायचं. नजर डबीवर ठेवायची. वाजली की थांबायचं."

मुलाने मान डोलावली. तो बापाला उचलून दवाखान्यात घेऊन धावला होता. मॅडमचा शब्द त्याच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ होती.

मास्तरांना या सगळ्यातून एकच हवं होतं. परत दुकान, परत ते टेबल, आणि त्यावर अर्धा राहिलेला कोट. तो कोट गिऱ्हाइकाचा नव्हता, मुलाचा होता. मुलगा लहानपणी झाडावरून पडला होता, तेव्हापासून त्याचा उजवा खांदा बोटभर खाली. तयार कपडा त्याला कधी धड बसायचा नाही, आणि घालून घालून त्याला ते कळेनासंही झालं होतं. मास्तरांना मात्र रोज दिसायचं आणि रोज खुपायचं. कापड त्यांनी गुपचूप आणलं होतं, पांढरे कच्चे टाके घालून झाले होते, फक्त उजवी बाही लावायची राहिली होती. एक दिवस काही न बोलता पोराच्या अंगावर चढवायचा, असा बेत होता. कोसळले ते त्याच बाहीवर.

डबी आल्यापासून घराची मात्र रया गेली. त्याला मेहुण्याचा हातभार लागला. हा मास्तरांच्या बायकोचा भाऊ. बिनकामाचा असल्यामुळे तो सदैव उपलब्ध असे.

"ताई, हे खरं-खोटं करणारं मशीन आहे," तो म्हणाला. "माणूस तोंडाने काहीही बोलेल, काळीज खोटं बोलत नाही. ज्याच्यावर भाऊजींचा राग, तो समोर आला की वाजणार."

मग तो स्वतःच समोर येऊन बसला आणि दीड तास बोलला. डबी गप्प. मास्तर उघड्या डोळ्यांनी झोपले होते. "बघितलंत? माझ्याबद्दल यांच्या मनात काडीचा राग नाही," असं म्हणत त्याने दुसरा चहा मागितला.

सुनेच्या नशिबी मात्र उलटंच. मास्तर जिना चढून येत आणि ती दार उघडायला जाई, की टीं टीं. ते अंघोळ करून उठत, ती टॉवेल देई, की टीं टीं. शेवटी ती त्यांच्यासमोर येईनाशी झाली. चहा खोलीच्या उंबऱ्यावर ठेवायचा, कप आत सरकवायचा आणि पळायचं. पिंजऱ्यातल्या वाघाला देतात तसा.

"माझ्यामुळे नाही हो वाजत कधी," बायको शेजारणीला अभिमानाने सांगायची. चार दिवस सांगितलं. पाचव्या दिवशी तिचा चेहरा पडला. रात्री ती मास्तरांच्या समोर येऊन बसली.

"अहो, इकडे बघा माझ्याकडे."

मास्तरांनी बघितलं. डबी गप्प.

"तुमची आई एक नंबरची कजाग होती."

गप्प.

"तुमच्या आधी मला डॉक्टरचं स्थळ आलं होतं. हो म्हणायला हवं होतं मी."

"हवं होतं खरं," मास्तर म्हणाले. "फुकटात इलाज झाला असता."

"सगळी उमर गेली या घरात," ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "आणि मी आले काय न् गेले काय, यांच्या काळजाला पत्ता नाही." दुसऱ्या दिवसापासून मास्तरांशी तीही बोलेनाशी झाली. घरात बोलणारा एक मुलगाच उरला, कारण त्याला मॅडमने सांगितलं होतं.

"बाबा," एका संध्याकाळी जेवताना त्याने डबीवर नजर ठेवून हळू आवाजात सुरुवात केली, "दुकानाबद्दल जरा बोलायचं होतं. हल्ली शिवून घेतंय कोण? मी म्हणत होतो, रेडीमेड ठेवू या."

मास्तर रागावले की त्यांचा पाय चालू लागे. जन्म पायमशीनवर गेलेला. टेबलाखाली मशीन नव्हती, पण पाय आपला खाली-वर, खाली-वर चालू झाला. क्षणात डबी कोकलली. मुलाने घाबरून जीभ चावली. "राहू दे, राहू दे बाबा. श्वास घ्या."

मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्या हाती, म्हणजे पायी, हत्यार आलंय. मग काय, मुलगा रोज संध्याकाळी विषय काढी आणि मास्तर टेबलाखाली पाय मारीत. "बाबा, दुकानाचं" एवढं म्हणायचा अवकाश, टीं टीं टीं. दरारा परत आल्यासारखा वाटला. मास्तरांना चक्क भूक लागू लागली.

शनिवारी मॅडमने डबी यंत्राला जोडली आणि कपाळाला हात लावला. "काका, रोज संध्याकाळी जेवताना काय होतं तुम्हाला? नवा आठवडा."

असे तीन नवे आठवडे झाले. तेवढ्यात दुकानाशेजारचा भांडीवाला तब्येत विचारायला आला आणि बोलून गेला, "नवा रंग छान दिसतोय हं दुकानाचा." मास्तर चमकले. म्हणजे डबी वाजवून बोलणं थांबत होतं, काम थांबत नव्हतं. उलट ती वाजते म्हणून आपण घरात, आणि आपण घरात म्हणून दुकान पोराच्या हातात. इकडे आड तिकडे विहीर. मास्तरांनी मनाशी ठरवलं की हा आठवडा काय वाटेल ते होवो, डबी वाजू द्यायची नाही. जिना पायरी-पायरीवर थांबत चढायचा, अंघोळ बसूनच सावकाश करायची. एकदा चिठ्ठी हातात आली की दुकानात जाऊन पोराचा कान धरू. रंग काय, खरवडता येतो.

त्या संध्याकाळी ते पायावर पाय घालून, घोटे घट्ट आवळून बसले. केंद्रात शिकवलं होतं तसा श्वास सुरू केला. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर.

"बाबा, जुनी पाटी उतरवली."

चार मोजत आत. डबी गप्प. मुलाने आईकडे बघितलं.

"दोन्ही कारागिरांना दुसरीकडे लावून दिलं. चांगल्या ठिकाणी."

सहा मोजत बाहेर.

"बोल, बोल," मेहुणा म्हणाला. तो अर्थात जेवायला होताच. "वाजत नाही म्हणजे पसंत आहे. हे मशीन खोटं बोलत नाही."

"आणि कापायचं टेबल सुताराने नेलं, बाबा. त्याच्या फळ्या करून रॅक बनवले."

मास्तरांच्या डोळ्यांपुढे ते टेबल आलं. कडेला कात्रीचे घाव असलेलं, त्यांच्या बापाने करून घेतलेलं. ओरडावंसं वाटलं. पण ओरडलो तर पुन्हा नवा आठवडा, आणि तेवढ्यात हा भिंतीसुद्धा काढेल. त्यांनी घोटे आणखी आवळले आणि सहाच्या ऐवजी आठ मोजले.

मुलाचे डोळे भरून आले. "मी उगीच घाबरत होतो बाबा. तुम्ही एवढ्या मोठ्या मनाने घ्याल, असं वाटलं नव्हतं." मास्तर मोजत होते.

शनिवारी मॅडमने सगळी यंत्रं थांबवली. "हे काका बघा! आठवडाभर डबी एकदाही वाजली नाही. धंद्यात एवढे बदल चाललेत, तरी मन किती स्थिर! यांच्याकडून शिका." घामेजलेल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमने पट्टा सोडला, डबी कपाटात ठेवली आणि चिठ्ठी दिली. आनंदाच्या भरात मास्तर तिला बाहीबद्दलही काही बोलले नाहीत.

घरचे सगळे न्यायला आलेच होते, तिथूनच मास्तरांना घेऊन दुकानात गेले. काचेचं दार, डोळे दिपवणारे दिवे, आणि भिंतीभर लटकवलेले कोणाच्याच मापाचे नसलेले कपडे. दर्शनी काचेमागे मास्तरांची पायमशीन होती. तिचा चामडी पट्टा काढलेला आणि डोक्यावर झाडाची कुंडी.

"तुमची आठवण म्हणून ठेवलीय. शोभेला," मुलगा प्रेमाने म्हणाला. "आणि ही तुमची खुर्ची. इथे बसून नुसतं लक्ष ठेवायचं. कशाला हात लावायचा नाही."

खुर्ची रंग दिलेल्या खांबामागे होती. धरणग्रस्तांनासुद्धा याहून बरी जागा देतात, असं मास्तरांना वाटलं.

"कोणाला विचारून केलंस हे?" त्यांचा आवाज चढला.

"तुम्हालाच की, बाबा!" मुलगा गोंधळला. "एकेक गोष्ट सांगितली. डबीकडे बघत सांगितली."

"मी साक्षीला होतो," मेहुणा म्हणाला.

हो तर मास्तरांनी म्हटलं नव्हतं, पण नाही तरी कुठे म्हटलं होतं? तेवढ्यात एक उंच तरुण आत आला आणि काचेमागच्या पुतळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "तो कोट दाखवा."

मास्तरांनी मान वळवली. पुतळ्याच्या अंगात त्यांचा कोट होता. एका बाहीचा, पांढरे कच्चे टाके सगळीकडे दिसणारा.

"तो पुरा नाहीये," ते उठून उभे राहिले. "बाही राहिलीय त्याची."

"म्हणून तर हवाय," तरुण हसला. "अशी फॅशन आणखी कुठे बघितली नाही."

त्याने कोट चढवला. डावीकडे ठीक, पण उजवीकडे खांद्यापासून मानेपर्यंत कापड ओढलं गेलं.

"चूण पडतेय खांद्यात," मास्तर म्हणाले. "तुमचा नाही तो. उजवा खांदा बोटभर खाली असलेल्या माणसाचा आहे."

"बाबा, ती डिझाइन आहे. तुम्ही बसा." मग मुलगा गिऱ्हाइकाला हलक्या आवाजात म्हणाला, "मोठ्या आजारातून उठलेत."

गिऱ्हाइकाने मास्तरांकडे दयेने बघितलं. आरशात गिऱ्हाईक आणि मुलगा शेजारी शेजारी उभे होते. मुलाच्या अंगातला तयार शर्ट नेहमीसारखा उजव्या बाजूने लोंबत होता. एकच वाक्य बोलायचं होतं. मास्तरांच्या छातीत घण पडू लागले, शिवलेल्या जागी कळ आली, तोंड उघडलं. आणि घरच्या सगळ्यांनी सवयीने त्यांच्या कमरेकडे बघितलं.

"बघा, किती शांत झालेत," मेहुणा म्हणाला.

मास्तर खाली बसले. मुलाने कोटाची घडी घातली, पिशवीत भरला आणि गिऱ्हाइकाला दारापर्यंत पोचवून आला. दुकानाची पहिली विक्री होती ती. त्याने आधी येऊन बापाच्या पाया पडून घेतलं.

बायको खुर्चीजवळ आली आणि बऱ्याच दिवसांनी नवऱ्याशी बोलली. "अहो, कोट कोणाचा होता तो?"

"होता एका गिऱ्हाइकाचा," मास्तर म्हणाले. "न्यायला आलाच नाही."

तिने खाली बघितलं. खुर्चीखाली त्यांचा पाय चालू होता, खाली-वर, खाली-वर. बराच वेळ चालू राहिला, पण वाजायला आता कमरेला काही नव्हतं.