रेडकू हयात असल्याबाबत

जे आपण पाहिलेलं नाही त्याची जबाबदारी आपल्यावर येत नाही, या तत्त्वावर सुसंस्कृत समाज उभा असतो. डोंबिवलीची नंदनवन सहकारी गृहनिर्माण संस्था तर या तत्त्वावर चांगली तीन मजले उभी होती. संस्थेचे चिटणीस सीताराम ठाण्याला सरकारी कचेरीत होते आणि एखादा कागद न पाहता त्यावर ‘पाहिले’ असा शेरा मारण्यात त्यांचा हातखंडा होता. असा माणूस चिटणीस म्हणून मिळायला संस्थेचं भाग्य लागतं.

संस्थेत दूध यायचं ते शीळफाट्याजवळच्या परशुरामशेठच्या तबेल्यातून. दाट, ताजं, वर बोटभर साय. त्र्याण्णव साली शेठच्या मुलीची हळद तबेल्याच्या अंगणातच झाली. यच्चयावत गिऱ्हाइकांना आमंत्रण होतं. (पाणी किती घालतो हा विषय त्या दिवशी कोणी काढला नाही. आमंत्रणाचे काही संकेत असतात.) शूटिंगला शहाडचा देवराम होता. त्याने दुकानाला बायकोचं नाव दिलेलं होतं, ‘कांता व्हिडिओ’. कॅमेरा मात्र अजून हप्त्यावर होता.

महिन्याभराने संस्थेच्या हॉलमध्ये हळदीची कॅसेट लावली. नवरीला हळद लागली, बायका नाचल्या, आणि जेवणाच्या पंगती दिसायच्या आधी पडद्यावर एक रेडकू आलं. कपाळावर पांढरा चांद, बरगड्या वर आलेल्या, जीभ बाहेर. आई समोर बांधलेली, दूध काढणं चाललेलं, आणि रेडकाचा दोर आईपासून हातभर कमी. ते पुढं यायचं, गळ्याला हिसका बसायचा, मागं जायचं, पुन्हा पुढं यायचं.

कॅसेटचं मिक्सिंग कल्याणला झालं होतं. त्या माणसाने आयुष्यात लग्नाशिवाय काही पाहिलं नसल्याने त्याने रेडकाभोवती झेंडूच्या फुलांची चौकट टाकली होती आणि खाली सनई सोडली होती. त्यामुळे सभासदांचा थोडा वेळ हा शेठकडचा एखादा विधी असावा असा समज झाला. दोघींनी हातही जोडले. मग गवळ्याने म्हशीला पान्ह्याची सुई टोचली, तेव्हा अध्यक्षांनी उठून टीव्ही बंद केला.

‘चोरून काढलंय हे!’ ते गरजले. सभागृह संतापाने थरथरत होतं. संताप रेडकाबद्दल नव्हता, हे सांगायला नकोच. रेडकाने संस्थेचा कुठलाही नियम मोडला नव्हता.

देवरामला बोलावणं गेलं. ‘साहेब, चोरून नाय काढलं,’ तो म्हणाला. ‘बत्तीसाठी प्लग शोधायला आत गेलेलो. समोर दिसलं ते काढलं. रोज तिथं जाणाऱ्याला दिसत नाय, यात माझा काय गुन्हा?’

हे बोलणं उद्धटपणाचं ठरलं. कॅमेरा पुराव्यादाखल संस्थेच्या लोखंडी कपाटात, गणपतीच्या मखराशेजारी ठेवण्यात आला. लग्नसराई तोंडावर आली होती, पण पुराव्याला लग्नसराई कळत नाही.

अहवालासाठी उरलेली कॅसेट पाहण्याचं काम सीतारामांकडे आलं. त्यांनी आवाज बंद करून ती एकट्याने पाहिली. पुढच्या भागात दुसरी म्हैस होती. ती पान्हा चोरत होती. गवळ्याने कोपऱ्यातून पेंढा भरलेलं एक कातडं आणलं, चार काठ्यांवर उभं केलं आणि तिच्या तोंडापुढं ठेवलं. तिचं मेलेलं रेडकू होतं ते. म्हैस ते चाटू लागली आणि दूध सुटलं. सीतारामांनी कॅसेट बंद केली आणि अहवालात लिहिलं, ‘उर्वरित भाग किरकोळ.’

विशेष सभेत ठराव झाला. क्रौर्य घडलं की नाही हा तपशील आहे, पण ते दिसलं ही वस्तुस्थिती आहे, आणि बंदी वस्तुस्थितीवरच घालता येते, असं अध्यक्षांनी मुद्देसूद मांडलं. यापुढे तबेल्यात चित्रीकरण करायचं तर मालकाला आठ दिवसांची नोटीस द्यावी, जनावराचं फक्त तोंडाकडून चित्रीकरण करावं (मागची बाजू ही त्याची खाजगी बाब आहे), आणि दिसणारं प्रत्येक जनावर समाधानी असावं. ठराव एकमताने मंजूर झाला. हजर सभासदांपैकी नव्वद टक्के दुधाचे गिऱ्हाईक होते आणि उरलेल्या दहा टक्क्यांना मधुमेह होता, म्हणजे मतदान पूर्णपणे निःपक्षपाती झालं.

पेच पडला तो सीतारामांच्या घरात. त्यांची बायको सुमती ठरावाच्या बाहेर होती.

‘त्या चांदवाल्या रेडकाचं काय झालं ते कळू दे,’ ती म्हणाली. ‘तोवर या घरात दूध तापणार नाही. मला घासच उतरत नाहीये हो. सारखं दिसतं ते, पुढं येतं, हिसका बसतो...’

सीतारामांनी दोन आठवडे कोरा चहा प्यायला. कोऱ्या चहाने माणसाचा विवेक जागा होतो, तसं पित्तही होतं. पित्त आधी झालं. रेडकू जिवंत आहे हे सिद्ध करणं आता भाग होतं. त्यांनी ठरावाबरहुकूम परशुरामशेठना नोटीस पाठवली. ‘चांद असलेलं ते रेडकूच हवं’ असं खाली आवर्जून लिहिलं.

अधिकृत चित्रीकरणाला कमिटी मॅटॅडोर करून गेली. कॅमेरा देवरामच्याच हाती दिला होता, नीट वागला तर परत न्यायच्या अटीवर. तबेल्याला चुना मारलेला, म्हशींच्या शिंगांना तेल, उदबत्ती लावलेली. आणि आईच्या अगदी तोंडाशी, गळ्यात हार घालून, चांदवालं रेडकू उभं! दोरसुद्धा नाही. म्हैस त्याला कान, मान, कपाळ असं चाटत होती आणि खाली चरवी भरत होती.

‘बघा, बांधायचीसुद्धा गरज नाही,’ अध्यक्ष गहिवरले. ‘याला म्हणतात माया.’

हाराखालच्या शिवणीतून पेंढ्याची एक काडी बाहेर आली होती. माशी डोळ्यावर बसली ती तिथंच चालत राहिली. सीतारामांना ते दिसलं. देवरामने कॅमेऱ्यातून डोळा काढून त्यांच्याकडे पाहिलं.

‘साहेब, जवळून घेऊ? शिवण?’

म्हैस चाटत होती. हाराची फुलं तिच्या जिभेला चिकटत होती. सीतारामांना सुमती आठवली, मग चहा आठवला.

‘नियमात बसेल तेवढंच घे,’ ते म्हणाले.

देवरामने तेवढंच घेतलं. दारात कांता हप्त्याची चिठ्ठी घेऊन उभी असते, हे त्यालाही आठवलं असणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

हॉलमध्ये कॅसेट लागली तेव्हा सुमती पुढच्या रांगेत होती. ‘तोच! तोच चांद!’ ती ओरडली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ओळख पटली होती, त्यात खोटं काहीच नव्हतं. रेडकू तेच होतं. घरी येऊन तिने पातेलं चढवलं, आलं किसलं, आणि कप सीतारामांपुढं ठेवला.

‘मला मेलीला उगाच शंका,’ ती म्हणाली. ‘पण अहो, ते कान कसे हलवत नव्हतं?’

‘शिस्त आहे तिथं,’ सीताराम म्हणाले आणि बशीत चहा ओतून घोट घेतला. चहा उत्तम झाला होता.

ठराव अजून लागू आहे. त्याखाली आजवर एकावरही कारवाई झालेली नाही, कारण नंतर कोणी आत डोकावलंच नाही. काही वाचकांना सीतारामांचा राग आला असेल, आणि तो योग्यच आहे. मात्र ते कातडं कशाचं हे तुम्हालाही सुमतीने ‘तोच’ म्हणण्याआधीच कळलं होतं. शेजारी ठेवलेला तुमचा चहा एव्हाना निवला असेल. गरम करून घ्या. दूध कुठलं, हे विचारायची इथं पद्धत नाही.