प्रमुख राहुण्या

शुक्रवारी संध्याकाळी सोसायटीचा चिटणीस ज्ञानदेव मेश्राम याचा फोन चार्जिंगला लावलेला होता, म्हणून त्यानं सोसायटीचं निमंत्रण बायकोच्या फोनवरून लिहिलं आणि न वाचताच पाठवून दिलं. फोन आम्रपालीचा आहे, हे लक्षात ठेवायला हवं होतं.

आम्रपाली एका दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीवर बसते. दिवसभर डॉक्टरांचं अक्षर लावायचं. त्यात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर माणसाचं काही खरं नाही. त्यामुळे घरी आल्यावर ती अक्षरांना मोकळं सोडते. दोन दिवसांसाठी येऊन मुक्काम ठोकणारा तो राहुणा. न विचारता उपदेश करणारा तो हल्लागार. येरवड्याच्या चौकात एकदा अडकली की हलत नाही ती राहतूक. एकच अक्षर उचलायचं, जागी दुसरं ठेवायचं, की तो शब्द खरं बोलायला लागतो. ज्ञानदेव भंडाऱ्याहून नोकरीसाठी पुण्यात आला, लग्न झालं, मुलगी कॉलेजला गेली, तरी हिला हे सुचतं कुठून याचं त्याला अजून नवल वाटतं. ऑफिसात तो तिचे शब्द डबा उघडावा तसे काढून सगळ्यांना वाटतो.

हे शब्द आम्रपाली रोज मैत्रिणींना लिहून पाठवायची. फोन सगळं शिकला होता. आता 'प्रमुख' लिहिलं की पुढचा शब्द फोनच सुचवायचा आणि ज्ञानदेव सुचेल त्यावर बोट ठेवत पुढे गेला होता.

तासाभरात बापूरावांचा फोन आला. बापूराव सोसायटीचे अध्यक्ष, मूळचे लोणी काळभोरचे.

"चिटणीस, हे अर्ध्यक्ष म्हंजे काय हाय?"

"कुठे?"

"तुमीच लिवलंय. 'अर्ध्यक्ष : बापूराव'. मी अर्धाच अध्यक्ष हाय व्हय? मग उरलेला अर्धा कोन?"

ज्ञानदेवनं निमंत्रण उघडलं आणि पहिल्यांदाच वाचलं.

'मैत्री सोसायची. वाचनालयाचे उद्याटन, रविवारी सकाळी दहा वाजता. प्रमुख राहुण्या : दुर्गाबाई परचुरे. अर्ध्यक्ष : बापूराव. सर्व सभासद व बेजाऱ्यांनी अगत्य यावे.'

"टायपिंगची चूक आहे हो," तो म्हणाला.

"येवडी नेमकी चूक? माजी खुर्ची कुनाला तरी अर्धी द्यायचा इचार दिसतोय तुमचा. उरलेला अर्धा कोन ते कळंस्तवर खोलीची चावी मिळायची नाय."

फोन बंद झाला. वाचनालयाची ती खोली मिळवण्यासाठी ज्ञानदेव कितीतरी सभांमध्ये भांडला होता. बापूरावांना तिथे त्यांचं जुनं फर्निचर ठेवायचं होतं. आणि पुस्तकं देणार होत्या दुर्गाबाई, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, घरचं सगळं कपाट रिकामं करून. त्या लग्नपत्रिकासुद्धा लाल पेनानं तपासून परत पाठवतात, असं त्यांच्याबद्दल बोललं जाई.

"त्यांनी हे वाचलं असेल?" ज्ञानदेवनं विचारलं.

"निळ्या खुणा आल्यात," आम्रपाली म्हणाली. "अहो, पण 'मैत्री सोसायची' हा मला कधी सुचला नसता. 'सोसायची' माझा आहे. शेजारी मैत्री तुम्ही आणून ठेवलीत."

एरवी या कौतुकानं तो आठवडाभर हवेत राहिला असता. आत्ता त्यानं नुसतं डोकं धरलं. दुरुस्तीचा निरोप तरी पाठवावा, म्हणून त्यानं घाईघाईनं लिहिलं, 'चुकीबद्दल क्षमस्व, उद्याटन रविवारीच.' हेही त्याच फोनवरून.

शनिवारी सकाळी दारावरची बेल वाजली. दारात दुर्गाबाई उभ्या होत्या. मागे रिक्षावाला पुस्तकांची खोकी उतरवत होता, आणि त्यांच्या हातात कपड्यांची बॅग होती.

"मॅडम, कार्यक्रम उद्या आहे," ज्ञानदेव चाचरत म्हणाला.

"निमंत्रणात उद्या आहे आणि रविवारही आहे. शुक्रवारी लिहिलेलं उद्या म्हणजे शनिवार. तेव्हा शनिवारी यायचं, रविवारपर्यंत राहायचं. म्हणूनच आपण मला राहुण्या म्हटलंत, असा मी अर्थ लावला. दुसरा निघत असेल तर सांगा."

चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. बाईंना राग आला आहे की त्यांची गंमत चालली आहे, ते ज्ञानदेवला कळेना. आम्रपालीनं मात्र बॅग हातातून घेतली.

"अगदी बरोबर लावलात. या ना. चहा टाकते."

दिवसभर दोघी स्वयंपाकघरात होत्या. ज्ञानदेव बाहेरून कान देत होता. आतून मधूनच शांतता, मग एखादा शब्द, मग दुर्गाबाईंचं कोरडं "हं". संध्याकाळी त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मेश्राम, तुमच्या पत्नीनं आज कालच्या पोळीला उरणपोळी म्हटलं. चाळीस वर्षं शिकवलं, वर्गात असं एकही पोर मिळालं नाही."

ज्ञानदेवला वाटलं, हे लिहून चौकटीत लावावं. पण चावीचं काय?

रविवारी दहा वाजता सगळे वाचनालयाच्या बंद दारासमोर जमले. बापूराव आले, चावी खिशात ठेवून खुर्चीवर बसले.

"आधी उरलेला अर्धा दाखवा," ते म्हणाले. "मंग दार."

ज्ञानदेव पुन्हा टायपिंगच्या चुकीवर आला, आवाज चढला, हातवारे सुरू झाले. तेवढ्यात आम्रपाली पुढे आली.

"काका, चूक यांची नाही. शब्द माझा आहे. अर्ध्यक्ष म्हणजे अर्धा अध्यक्ष नाही. अक्ष म्हणजे डोळा. सभेत तुम्ही अर्धे डोळे मिटून बसता ना, म्हणून मी घरात तसं म्हणते. मला माफ करा."

 आता चावी तर गेलीच, पण खोलीही गेली, असं ज्ञानदेवनं धरून टाकलं.  बापूरावांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले.

"म्हंजे खुर्ची अख्खी माजीच?"

"अख्खी तुमचीच."

"मंग झोपंचं काय येवडं. ते तर खरंच हाय." त्यांनी चावी काढून दुर्गाबाईंच्या हातात दिली. मग आम्रपालीकडे वळून म्हणाले, "वैनी, येकच अक्षर बदलायचं आसतं न्हवं?"

"एकच."

बापूरावांनी ज्ञानदेवला वरून खाली न्याहाळलं. पार्किंगवरून, कचऱ्यावरून, या खोलीवरून झालेल्या सगळ्या सभा त्यांच्या नजरेपुढून गेल्या असाव्यात.

"मंग हे आमचे चिडणीस."

 दुर्गाबाईंच्या तोंडून, त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच, हसू फुटलं, आणि जमाव त्यात सामील झाला. ज्ञानदेवनं बायकोकडे पाहिलं. आम्रपाली बापूरावांकडे बघत होती, अगदी तशी, जशी तो आजवर तिच्याकडे बघत आला होता.

"काय शब्द आहे, काका," ती हळूच म्हणाली.

"मी मुळीच चिडत नाही," ज्ञानदेव इतक्या जोरात म्हणाला की गेटवरचा वॉचमन धावत आला.