स्क्रीनभर पसरलेले विलासभाऊ

आमच्या कॉलनीत विलासभाऊ दारात दिसले की लोक मुकाट फोन काढून त्यांच्या हातात देतात. अमरावतीत असा दुसरा माणूस नसेल, आणि आहे तो एकच पुष्कळ झाला.

भाऊ घरबसल्या कोड लिहितात. इतरांनी आपापल्या अ‍ॅपमध्ये वापरायचा तयार कोड, त्याला म्हणे लायब्ररी म्हणतात. भाऊंच्या लायब्ररीचं काम एवढंच की अ‍ॅप फोनच्या अख्ख्या स्क्रीनभर पसरावं, पण वरच्या कॅमेऱ्यामागं किंवा खालच्या पट्टीखाली एकही बटन दबू नये. "पसरा ना बापा, पन कोनाले दाबून नाई," हे ते लग्नाच्या पंगतीतही शेजारच्याला सांगतात.

त्यासाठी रोज संध्याकाळी फेरी. सलीमभाई टेलरचा लांबुळका फोन, समोरच्या काकूंचा घडीचा, माझा जुनाट. अ‍ॅप टाकायचं, फोन उभा धरायचा, आडवा धरायचा. "पाहा सर, 'पुढे'चं बटन कुठं गेलं? दबून राहिलं ना." एकदा मी वैतागून म्हणालो, "भाऊ, बटनाचं सोडा, माझं डोकं दुखून राहिलं." तर म्हणाले, "मंग चहा मांडा ना, मीबी घेतो." मांडला चहा, कप्पाळ!

परवा ते चष्मा आमच्याकडेच विसरले. द्यायला गेलो. वहिनी जाऊन तीन वर्षं झाली, मुलगी नोकरीला अकोल्याला. घर आवरलेलं होतं आणि अगदी गप्प होतं. कॉम्प्युटरवर फोनांची चित्रं ओळीनं उभी होती. सलीमभाईंचा लांबुळका, काकूंचा घडीचा, माझासुद्धा. प्रत्येकात भाऊंचं अ‍ॅप चालू.

"हे काय हो?"

"सगळे फोन याच्यातच दिसते, सर. इथंच तपासून होते."

"मग आमच्या घरी रोज काहून येता?"

भाऊ चष्मा पुसत बसले. आधीच स्वच्छ होता तो.

"याच्यातला फोन 'या, बसा' नाई म्हनत ना," ते म्हणाले.

इतके दिवस त्यांना पाहून मी कपाळाला आठ्या घालत होतो. मी म्हणालो, "उद्या लवकर या, माझा फोन पाहायचा आहे."

ते फाटकापर्यंत पोचवायला आले. कडी लावता लावता थांबले.

"सर, सलीमभाईले नका सांगू हे. मंग मी त्याईच्या घरी काय म्हनून जाऊ?"