ट्रॉलीच्या ब्रेकमधली हवा

"मेकॅनिक कशाला? मीच काढतो की हवा," असं मी शनिवारी सकाळी चहा पिता पिता बोलून गेलो. तेवढं बोललो नसतो तर रविवार बरा गेला असता.

हवा काढायची होती ती आमच्या ट्रॉलीच्या ब्रेकमधली. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरापुढं, कंपाउंडच्या आत, इतर लोकांची कार उभी असते त्या जागी आमच्याकडे दोन चाकांची एक लोखंडी ट्रॉली आहे. (होती म्हणायला हवं. अजून सवय झालेली नाही.) ती आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतःच्या हातानं बनवली होती. अण्णा चितेगावच्या एका कारखान्यात फिटर. त्यांनी एक जुनी जीप घेतली आणि तिच्या मागं जोडायला ही ट्रॉली वेल्डिंग करून उभी केली. बिनब्रेकचं काहीही त्यांना आवडत नसे, म्हणून ट्रॉलीलासुद्धा चक्क तेलाचे ब्रेक बसवले. जीप हळू झाली की मागची ट्रॉली पुढं ढकलली जायची, त्या ढकलण्यानं नळीतलं तेल दाबलं जायचं आणि ट्रॉलीची चाकं आपोआप आवळली जायची. हे अण्णांनी मला अनेकदा समजावलं होतं. मला ते समजलं या रविवारी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, तेही तेल तोंडावर उडाल्यानंतर.

या ट्रॉलीतून आमचा सगळा संसार इकडून तिकडं झाला. गावाकडची ज्वारी आली. माझ्या बहिणीचं, दीपमालाचं, रुखवत गेलं. माझ्या लग्नात गुलमंडीतून कापडाचे गठ्ठे आले आणि मंजुषाचं माहेरचं कपाटही आलं. मंजुषा म्हणजे माझी बायको. ती आजही सांगते, की त्या प्रवासात कपाटावर एक ओरखडा उठला नाही. "जे उठले ते नंतर तुम्ही कपाट हलवलंत तेव्हा."

महिन्यातून एका रविवारी अण्णा ट्रॉलीखाली जायचे आणि आईला हाक मारायचे. मला मात्र पुस्तक घेऊन आत बसायला सांगायचे. आत मला अण्णांचे मोठ्यानं म्हटलेले तेवढेच शब्द ऐकू यायचे. "दाब. धर. सोड." पुन्हा, "दाब. धर. सोड." अण्णा एरवी फार बोलत नसत. त्यामुळं आईशी ते सर्वात जास्त बोलायचे ते महिन्यातल्या त्या एका सकाळीच. (अण्णांची पाठ दुखते आणि आई ती दाबून देते, अशी माझी सातवीपर्यंत समजूत होती. पाठ दाबायला अंगणात कशाला जातात, हा प्रश्न मला पडला नाही. मी गणितातही असाच होतो.)

अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली. जीप त्याआधीच गेली. ट्रॉली राहिली. तिच्यावर मंजुषाच्या कुंड्या आल्या आणि रोज दुपारी आई तिच्या कडेवर बसून तांदूळ निवडायला लागली. मागच्या दसऱ्याला मी ट्रॉलीला निळा रंग दिला. "कशाला रंगवायलास? हाय ते ऱ्हाऊ दे," असं आई तेव्हा म्हणाली होती. मी म्हणालो, "गंज लागेल."

आता कंपाउंडमध्ये नवीन पाइपलाइन टाकायची ठरली आणि ट्रॉली हलवणं भाग पडलं. भंगारवाल्याला बोलवावं असं मी जेवताना म्हणालो. आईनं अर्धी भाकरी ताटात ठेवली आणि उठली. त्या रात्री मी चितेगावला कडुबाकाकांना फोन केला. ते अण्णांचे कारखान्यातले सोबती, आता मोसंबीची बाग बघतात.

"भंगारात घालू नको रे बाबा," काका म्हणाले. "मोसंबीच्या कॅरेटला मला कामाला येईल. मी जीप घेऊन येतो रविवारी चारला. पण बिगर ब्रेकची नेणार नाय. उतारावर मागून सगळं लोखंड अंगावर येतंय. ब्रेक लागला तर नेतो, नाय लागला तर तुझं तू बघ."

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं पाहून सांगितलं, की ब्रेक चांगले आहेत, फक्त तेलात हवा शिरलीय, ती काढावी लागेल, मी मंगळवारी येतो. आणि मी ते सुरुवातीचं वाक्य बोलून गेलो. मी सरकारी कचेरीत आवक-जावक लिपिक आहे. टपाल आत कसं येतं आणि बाहेर कसं जातं हे अठ्ठावीस वर्षं बघतोय. हवेचं काय वेगळं असणार?

शनिवारभर मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. काम दोघांचं होतं. एकानं पुढच्या जोडाला लांब पाइप अडकवून हापशासारखा दाबायचा आणि दाबून धरायचा. दुसऱ्यानं चाकामागचा बारीक नट ढिला करायचा. तिथून तेल आणि हवेचे बुडबुडे बाहेर पडतात. नट आवळायचा, मगच पाइप सोडायचा. सोपं होतं.

रविवारी सकाळी मी मंजुषाला बाहेर बोलावलं. "दोन्ही चाकांची हवा काढायचीय. मी दहा नंबरचा पाना घेऊन येतो, तोवर तू तयार राहा."

पाना शोधायला मला वीस मिनिटं लागली. (तो देवघराच्या कप्प्यात होता. का, ते विचारू नका.) बाहेर येऊन बघतो तर ट्रॉली खाली बसलेली आणि मंजुषा हात झटकत उभी.

"झालं," ती म्हणाली.

"काय झालं?"

"हवा काढली. दोन्ही चाकांची. एकाची लवकर निघत नव्हती, काडी घालून काढली."

"अगं, टायरची नाही! ब्रेकची!"

"तुम्ही चाकांची म्हणालात."

"चाकांच्या ब्रेकची!"

"मग तसं बोलायचं," असं म्हणून ती केसात गजरा माळायला आत गेली. मी शेजारच्या अप्पारावांकडून सायकलचा पंप आणला. जीपच्या टायरमध्ये सायकलच्या पंपानं हवा भरणं म्हणजे काय, ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. अप्पाराव कठड्यावर बसून मोजत होते. दुसऱ्या टायरला सव्वातीनशेपर्यंत पोचल्यावर त्यांना स्वतःलाच दम लागला आणि ते नाश्त्याला गेले.

या सगळ्या वेळात आई दारातल्या पायरीवर मेथी निवडत बसली होती. एकदा फक्त तिनं ट्रॉलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मेथीची एक चांगली काडी कचऱ्यात टाकली.

साडेअकराला मी ट्रॉलीखाली उताणा झालो. मंजुषा पाइपाशी उभी राहिली.

"दाब!" मी ओरडलो.

"कितीदा?"

"तीनदा दाब आणि मग धर!"

"तिसऱ्यांदा दाबायचं का तिसऱ्यांदा धरायचं?"

"दाबून धर!"

तिनं धरला. मी नट ढिला केला. तेल सळकन आलं, नळीतून बुडबुडे निघाले. मला इतका आनंद झाला की नट आवळायच्या आधीच मी म्हणालो, "वा! सोड!"

पाइप धाडकन वर गेला. बाहेर आलेली हवा सुर्रकन परत आत शिरली. मी नट आवळला, तोंड पुसलं आणि ओरडलो, "पुन्हा दाब!"

काही नाही.

"मंजुषा! दाब!"

वर पाहिलं तर पाइपाशी कुणीच नाही. आतून मंजुषाचा आवाज आला, "दूध उतू जात होतं! तुम्हीच म्हणालात ना, सोड!"

दोनपर्यंत आम्ही असंच दाबत आणि सोडत राहिलो. मध्ये वरच्या डबीत तेल घालायचं मी विसरलो, डबी रिकामी झाली आणि नळीत सगळी हवाच हवा झाली. मग नट पूर्ण निघाला, माझ्या हातातून निसटला, आणि तेलाची एक चिळकांडी माझ्या बनियनवर, चष्म्यावर आणि ट्रॉलीच्या निळ्या रंगावर उडाली.

"अहो," मंजुषा पाइप खाली ठेवून म्हणाली, "माझे हात गळून पडायला लागलेत. दोन वाजून गेलेत, चारला काका येतील. भंगारवाल्याचा नंबर आहे का तुमच्याकडे?"

ती थकली होती, रागावली नव्हती. त्यामुळं मला जास्तच वाईट वाटलं. मी ट्रॉलीखालीच पडून राहिलो. अण्णांनी ही ट्रॉली रात्रपाळी करून, सुट्टीच्या दिवशी, उधारीच्या वेल्डिंग मशीनवर बनवली होती. मला तिच्यातली नुसती हवा काढता येत नव्हती.

तेवढ्यात मला आईची पावलं दिसली. मेथीची परात बाजूला ठेवून ती आली होती. पदर खोचला, पाइप उचलला, जोडाला नीट अडकवला आणि म्हणाली, "काका, पूस आधी ते त्याल. रंग खातंय ते."

(माझं नाव काकासाहेब. माझी सख्खी आईसुद्धा मला काका म्हणते.)

मी फडक्यानं चाकामागचं लोखंड पुसायला लागलो. माझा निळा रंग सालीसारखा निघून आला. खाली अण्णांचा जुना पांढरा रंग होता. अण्णांनी कसला रंग वापरला होता देव जाणे, माझा सोलला आणि त्यांचा जागचा हलला नाही. त्यावर बारीक अक्षरं होती. मी चष्मा पुसला.

"आई, इथं काहीतरी लिहिलंय. अण्णांचं अक्षर आहे."

"काय लिवलंय?"

मी वाचलं. "आधी डावं चाक. मग उजवं. डबीत तेल बघणे. दर दहा वेळेला साळूला विचारणे, हात दुखला का."

वरून हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मला वाटलं आईला रडू आलं. मी घाईघाईनं सरपटत बाहेर निघालो, डोकं लोखंडावर आपटलं. बघतो तर आई पाइपाला धरून हसत होती. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती.

"व्हय, इचारायचे की! दर खेपी इचारायचे. 'साळू, हात दुखला का?' मला वाटायचं, लई काळजी माणसाला. शेजारणींना सांगायची मी. आन् लिवून ठिवलं व्हतं व्हय ह्यांनी!"

मंजुषा दारात उभी राहून हसायला लागली. मीही हसलो. मग आईनं पदरानं डोळे पुसले, बराच वेळ पुसले, आणि म्हणाली, "लिवून का व्हईना, इचारलं. चल, जा खाली."

मी खाली गेलो. "दाब," म्हणालो.

पाइप हलला नाही.

"आई, दाब."

"आसं नुसतं नाय. त्ये आधी नाव घ्यायचे. मग मला कळायचं, नट हातात आलाय म्हणून."

आता मी माझ्या आईला साळू कसं म्हणणार? थोडा विचार करून मी म्हणालो, "आई... आता दाब."

"हं. आता बरंय."

त्यानंतर काय झालं ते सांगताना मला लाज वाटते. काहीच झालं नाही. पाइप एका लयीत खाली येत होता, थांबत होता, आणि माझा नट आवळून होईस्तोवर तसूभर हलत नव्हता. मी 'आवळला' म्हणायच्या आत आईला कळत होतं. पाच-सहा वेळेला बुडबुडे आले, मग कमी झाले, मग नुसतं स्वच्छ तेल आलं. दहाव्यांदा मी विचारलं, "आई, हात दुखला का?"

"नाय," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "तू बी वाचूनच इचारायलास ना?"

तासाभरात दोन्ही चाकं झाली. कडुबाकाका बरोबर चारला आले. त्यांनी जीप जोडली, गल्लीतून एक फेरी मारली आणि परत येऊन उतरले. "ब्रेक एक नंबर. कुणी काढली हवा?" मी छाती पुढं काढली. काका माझ्याकडे न बघता सरळ आईकडे गेले आणि वाकून नमस्कार केला. "वैनी, हात अजून तसाच हाय."

आईनं मोसंबी कशी लादायची, माल कुठं जास्त ठेवायचा, ते त्यांना सांगितलं. निळा रंग खरवडून काढा, असंही सांगितलं. मग जीप निघाली. आम्ही तिघं फाटकाशी उभे राहिलो. गल्लीच्या वळणावर जीप हळू झाली, तिच्यामागं ट्रॉलीही शहाण्यासारखी हळू झाली आणि वळली.

"लागला," आई म्हणाली, आणि मेथीची परात घेऊन आत गेली. मोकळ्या जागेत दोन चौकोनी ठसे आणि तेलाचा एक डाग राहिला. मी बराच वेळ तिथं उभा होतो.

बुधवारी कचेरीत आस्थापना शाखेतला अतुल माझ्या टेबलाशी आला. "काकासाहेब, ऐकलं ते खरं का? ट्रॉलीच्या ब्रेकची हवा म्हणे घरीच काढली तुमच्याकडे?"

मी पेन खाली ठेवला. एका जुन्या पाकिटावर आकृती काढून, आधी डावं चाक, मग उजवं, डबीतलं तेल, नट कधी आवळायचा, सगळं पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. अतुल मन लावून ऐकत होता.

"माझ्या कारचा ब्रेक पण जरा पोकळ लागतोय," तो म्हणाला. "रविवारी घेऊन येऊ का?"

"ये की! नऊला ये. दहा नंबरचा पाना माझ्याकडे आहे."

"नाही, म्हणजे..." अतुल जरा अडखळला. "रविवारी तुमच्या आई घरी असतील ना? तुम्ही नसलात तरी चालेल."